बोअरच्या पाण्यातलं शिसं: डीआय पाण्यात सेन्सर बरोबर, गावच्या पाण्यात दोन्हीकडे चुकतो

प्रश्न
खानापूर_रसायन

नमस्कार मंडळी. खानापूर (बेळगाव) तालुक्यातल्या गावांचं पिण्याचं पाणी शिशासाठी चाळून बघायला लॅबमध्ये डीएनएझाइमचा (शिशासारखा धातू भेटला की दुसरा डीएनए धागा कापणारा डीएनए) सेन्सर उभा केलाय. सगळेच नमुने आयसीपी-एमएसला (धातू अचूक मोजणारं महागडं यंत्र) पाठवणं परवडत नाही. म्हणून आधी इथं चाळणी लावायची आणि संशयित तेवढेच पुढं पाठवायचे, असा बेत आहे.

मांडणी सांगतो. ८-१७ कुळातलं १७-ई एन्झाइम, ५०० नॅनोमोलर. सब्स्ट्रेट, म्हणजे कापला जाणारा धागा, तेवढाच. सब्स्ट्रेटच्या एका टोकाला फॅम हा चकाकणारा रंग, दुसऱ्या टोकाला एक आणि एन्झाइम धाग्याला एक असे दोन क्वेंचर (चकाकी दाबून ठेवणारे). धागा कापला की चकाकी सुटते. बफर ५० मिलिमोलर हेपीस, पीएच ७.२, त्यात १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड. दोन्ही धागे ९० अंशांवर दोन मिनिटं तापवून पाऊण तासात हळूहळू गार करतो. वाचन २५ अंशांवर. पहिल्या पाच मिनिटांत चकाकी ज्या वेगानं चढते, तो उतार शिशाचं माप म्हणून धरतो.

डीआय, म्हणजे डीआयोनाइज्ड (आयन काढलेल्या) पाण्यात २ ते ५० मायक्रोग्रॅम प्रति लिटर एवढ्या पट्ट्यात रेघ अगदी सरळ येते. गावच्या पाण्यात मात्र दोन उलट्या तऱ्हा दिसतात.

एका गावात हातपंप आहे, आत जुने जीआय पाइप. तिथलं पाणी ३५ मायक्रोग्रॅम दाखवतं. तोच नमुना बाहेर आयसीपी-एमएसवर तपासला तर शिसं २ च्या खाली. म्हणजे सेन्सर नसलेलं शिसं दाखवतोय.

दुसऱ्या गावचं टाकीचं पाणी कठीण आहे: कठीणपणा ४१०, अल्कली ३५०, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मिलिग्रॅम प्रति लिटर. या पाण्यात मुद्दाम १० मायक्रोग्रॅम शिसं घातलं तर सेन्सर ३ सांगतो. इथं असलेलं शिसं लपवतोय.

आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे बरोबर १० मायक्रोग्रॅम, आणि त्यात सवलत नाही. त्यामुळं ३ आणि ३५ यांतला कुठलाच आकडा पंचायतीपुढं ठेवण्याजोगा नाही. डीएनएझाइम बदलावं, की नमुन्याची तयारी बदलावी? का हे सोडून जिवंत जिवाणूंच्या सेन्सरकडं वळावं?

---

निपाणी_जैवरसायन

तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत, म्हणून उपायही वेगळे. हातपंपाचं मी सांगतो, टाकीचं दुसरं कुणी सांगेल.

हातपंपाच्या नमुन्यातलं जस्त मोजलंत का? जीआय पाइप म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. रात्रभर पाइपात थांबलेल्या पाण्यात मिलिग्रॅमभर जस्त येणं अगदी साधी गोष्ट आहे, आणि पिण्याच्या दृष्टीनं ते चालतंही, कारण जस्ताची स्वीकार्य मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे. पण सेन्सरच्या बाजूनं हिशेब करून बघा. १ मिलिग्रॅम जस्त म्हणजे सुमारे १५ मायक्रोमोलर. १० मायक्रोग्रॅम शिसं म्हणजे ४८ नॅनोमोलर. जस्ताचे आयन शिशाच्या तीनशे पट झाले. १७-ई शिशाला इतर दोन-भारी धातूंपेक्षा साधारण ८० पट जास्त दाद देतं. ऐकायला ८० पट खूप वाटतं, पण १५ मायक्रोमोलरला ८० नं भागलं तर १९० नॅनोमोलर शिशाएवढी चकाकी होते, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम. तुमचे ३५ आले ते इथून.

१७-ई चा जन्मच मुळी जस्तासाठी झालेला आहे. २००० साली ते निवडलं गेलं तेव्हा भांड्यात जस्त होतं. शिशाला ते जास्त वेगानं कापतं हे त्यानंतर कळलं. त्यामुळं जीआय पाइपांच्या मुलखात ते वापरणं म्हणजे जस्ताचाच सेन्सर वापरण्यासारखं आहे.

जीआर-५ वर या. १९९४ साली निघालेलं हे पहिलं डीएनएझाइम, आणि ते थेट शिशावरच निवडलेलं आहे. कापण्याची जागा तशीच, डीएनए धाग्यातला एकच आरएनए दुवा. पण जस्त, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांना ते जवळजवळ दादच देत नाही. निवडकपणा हजारो पटींत आहे. फॅम-क्वेंचरची मांडणी तीच चालेल. धागे मात्र जोडीनं मागवा. जुना सब्स्ट्रेट नव्या एन्झाइमला जुळेलच असं धरू नका, बाहूंचा (दोन धागे जिथं जुळतात त्या टोकांचा) एखादा बेस वेगळा असला तरी वितळण्याचं तापमान हलतं.

आणखी एक धागा नक्की मागवा: गाभ्यातला एक महत्त्वाचा बेस बदललेला, कापू न शकणारा एन्झाइम धागा. प्रत्येक नमुना वाचन-प्लेटच्या दोन खाचांत चालवायचा, एकीत चालतं एन्झाइम, दुसरीत हे मेलेलं. मेलेल्या खाचेतही चकाकी चढली तर ते काम शिशाचं नाही. एक तर पाण्यातल्या जिवाणूंची एन्झाइमं धागा तोडतायत, नाहीतर उष्णतेनं धागे सुटतायत. मे महिन्यात दुपारी खोली ३६ अंशांवर गेली की हे हमखास होतं. बाहू आखूड असतात, ते आपोआप सुटतात आणि पाया (शिसं नसतानाची चकाकी) वर सरकतो. म्हणून वाचन २५ अंशांवर धरून ठेवणारा ठोकळा वापरा. थंडीत सकाळी खोली १५-१६ वर असली तर उलटं होतं, कापणं मंदावतं आणि शिसं कमी दिसतं.

हातमोजे पावडरचे असतील तर आजच बदला. त्या पावडरीत जस्त असू शकतं.

---

अनगोळ_७

छोटीशी शंका. धागे टीई बफरमध्ये (डीएनए साठवायचा नेहमीचा बफर) विरघळवलेत का? त्यात धातू धरून ठेवणारं ईडीटीए १ मिलिमोलर असतं, धागे तुमच्या ५०० नॅनोमोलरला पातळ होईतो ते ५ मायक्रोमोलर उरतं, शिशाच्या शंभर पट. सगळं शिसं तेच गिळेल. डीआय पाण्यात रेघ २ पासून सरळ येते त्या अर्थी टीई नसावं, पण नवे धागे आले की साध्या डीआय पाण्यातच विरघळवा. लॅबमधला दुसरा कुणी सवयीनं टीई घालतो.

---

मार्कंडेय_काठ

टाकीच्या पाण्याबद्दल. शिसं त्या पाण्यात आहे, पण सेन्सरला दिसेल अशा रूपात नाही. पीएच साडेसात-आठच्या पुढं आणि अल्कली ३५० असल्यावर मोकळा शिसे-आयन फार थोडा उरतो. बाकीचं कार्बोनेटशी जोडलेलं, गाळाच्या कणांना चिकटलेलं, थोडं बाटलीच्या भिंतीला. डीएनएझाइमला मोकळा आयन लागतो. १० घालून ३ दिसले यात नवल नाही.

म्हणून आधी आम्ल. नमुना बाटलीत घेतल्या घेतल्या लिटरला दीड मिलिलिटर तीव्र नायट्रिक आम्ल, धातूंच्या तपासणीसाठीचं शुद्ध. २५० मिलिलिटरच्या बाटलीला ०.४ पुरे. हे तुमच्या पाण्याला पुरतं का बघू. तीव्र नायट्रिक साधारण १५.८ मोलर, दीड मिलिलिटरमध्ये २३.७ मिलिमोल. अल्कली ३५० म्हणजे ७ मिलिमोल आम्ल तीच खाते. उरलं सुमारे १७ मिलिमोल, म्हणजे पीएच १.८. पुरतं. तसं ठेवून किमान १६ तास थांबायचं, घाई करायची नाही. कणांवरचं आणि भिंतीवरचं शिसं परत पाण्यात यायला वेळ लागतो. याच वेळात बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. बाटली उघडून दोन-तीनदा हलवा, बुडबुडे जाऊ द्या. म्हणजे पुढं पीएच परत वर नेला तरी शिशाला धरणारं कार्बोनेट उरलेलं नसतं. आम्लाचा खरा फायदा हा दुसरा आहे, आणि तो बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

आता असा आंबट नमुना थेट सेन्सरमध्ये चालत नाही. डीएनएझाइमचा वेग पीएचबरोबर एकास दहा असा घसरतो आणि फॅमची चकाकी साडेसहाच्या खाली मंदावते. उदासीन करायला सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबानं घालू नका. थेंब पडतो तिथं क्षणभर पीएच १२ होतो, लोह खाली बसतं आणि शिसं सोबत ओढून नेतं. त्यापेक्षा बफरलाच ते काम द्या:

दुप्पट तीव्रतेचं मिश्रण करा. हेपीस १०० मिलिमोलर, पीएच ७.५ ला बसवलेलं. सोडियम क्लोराइड २०० मिलिमोलर. गार करून जुळवलेले धागे १ मायक्रोमोलर. खाचेत हे १०० मायक्रोलिटर, त्यावर आंबट नमुना १०० मायक्रोलिटर, दोनदा पिपेटनं ढवळा, वाचन सुरू. पीएच ७.५ ला निम्मं हेपीस आम्लारी रूपात असतं, म्हणजे मिसळल्यावर २५ मिलिमोलर. नमुन्यातलं आम्ल त्यातलं साडेआठ खातं. उरतात साडेसोळा, आणि पीएच जवळजवळ ७.२ वर येऊन बसतो. नमुना अर्ध्यावर पातळ होतो, त्यामुळं १० मायक्रोग्रॅमचं पाणी सेन्सरला ५ दिसेल. तुमची रेघ २ पासून चालते, तेव्हा अडचण नाही.

जांबोटी-कणकुंबीकडचं पाणी आणलंत तर ते मऊ असतं, आम्ल खायला अल्कलीच नसते. तिथं हाच हिशेब ७.०५ ते ७.१ पर्यंत उतरतो आणि वेग पाव ते एक तृतीयांशानं कमी होतो. म्हणून एकाच कॅलिब्रेशन रेघेवर सगळा जिल्हा मोजता येणार नाही. अथणी-रायबागचं खारट कठीण पाणी आणि घाटमाथ्याचं मऊ पाणी या सेन्सरच्या लेखी दोन वेगळी द्रावणं आहेत.

त्यावर उपाय म्हणजे त्याच पाण्यात शिसं घालून मोजणं. आम्ल घातलेला नमुना १०-१० मिलिलिटर चार पॉलिप्रॉपिलीन नळ्यांत घ्या. १ मिलिग्रॅम प्रति लिटरचं शिशाचं द्रावण (१ टक्का नायट्रिकमध्ये, रोज ताजं) ०, ५०, १०० आणि २०० मायक्रोलिटर घाला. म्हणजे ०, ५, १०, २० मायक्रोग्रॅमची भर. चारी वाचा, प्रत्येक तीनदा. समजा उतार आले १२, १८, २४, ३६, आणि नुसत्या आम्ल-पाण्याचा (आम्ल घातलेलं डीआय पाणी, शिसं नाही) ६. भरीच्या रेघेचा चढ मायक्रोग्रॅमला १.२ झाला. नमुन्यात शिसं (१२ वजा ६) भागिले १.२, म्हणजे ५. डीआय पाण्यात तोच चढ ३ असता, आणि तो वापरला असता तर उत्तर २ आलं असतं. तीच चूक १५ मायक्रोग्रॅमच्या पाण्यावर झाली तर सेन्सर ६ सांगेल आणि न पिण्याजोगं पाणी पास होईल. बाळंतिणीच्या घरी जाणारं पाणी असेल तर ही चूक किती महागात पडेल ते बघा.

मात्र भर घालण्याची पद्धत एकाच तऱ्हेची चूक धरते, सेन्सर मंदावण्याची. जस्तानं वर चढवलेला पाया ती धरत नाही, कारण तो चारी नळ्यांत सारखाच असतो. त्यासाठी निपाणीच्या सरांचं जीआर-५ लागणारच. शिवाय शिसं नसलेलं बनावट बोअरचं पाणी करून ठेवा: लिटरला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.४४ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.२५ ग्रॅम, जस्त १ मिलिग्रॅम, आणि सगळ्यात शेवटी सोडियम बायकार्बोनेट ०.५९ ग्रॅम. ते विरघळलं की लगेच वरच्याच मापात नायट्रिक. याचा उतार नुसत्या आम्ल-पाण्याच्या उताराशी जुळला पाहिजे. जुळला नाही तर गावचं पाणी मोजायला घेऊच नका.

फॉस्फेट बफर या कामात कुठंही नको. शिशाचं फॉस्फेट विरघळत नाही, संपला विषय.

---

रायबाग_बोअर

दोघांनी लॅबमधलं सांगितलं. निम्मी चूक नळापाशीच होते, तेवढं लिहितो.

एका ठिकाणचे दोन नमुने घ्या. पहिला पहाटेचा, रात्रभर किमान सहा तास पाणी थांबल्यावर, नळ सोडल्याबरोबर आलेलं पहिलं पाणी. दुसरा तीन मिनिटं पाणी वाहू दिल्यावर. पहिल्यात शिसं आणि दुसऱ्यात नाही, तर दोष पितळी नळाचा, सांध्याच्या डाकाचा किंवा पाइपाचा, बोअर निर्दोष. दोन्हींत सारखं असेल तरच बोअर किंवा टाकीकडं बोट दाखवा. हातपंप असेल तर पहिले दहा-बारा हापसे धरून ठेवा. इंडिया मार्क-२ च्या सिलिंडरला आतून पितळी अस्तर असतं आणि वर जीआय पाइपांची रांग, ते रात्रभर थांबलेल्या पाण्यात उतरतं. वॉटरमनला आदल्या रात्री सांगून ठेवा. नाहीतर तो पहाटे चारला मोटर चालू करतो आणि तुमचं थांबलेलं पाणी वाहून जातं.

बाटली एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीनची, १० टक्के नायट्रिकमध्ये रात्रभर बुडवलेली, डीआय पाण्यानं तीनदा विसळलेली. काच नको. नमुना नळाखालीच घ्या. घरची माणसं अगत्यानं घागरीतलं पाणी ओतून देतात, ते घेऊ नका. तांब्याच्या घागरीत तांबं उतरतं, आणि कल्हई केलेल्या भांड्यात कथलाबरोबर शिसं मिसळलेलं असू शकतं. कल्हईच्या भांड्याचा संशय असेल तर तो वेगळा नमुना म्हणून घ्या, चिठ्ठीवर तसं लिहा.

लॅब उद्यमबाग-मच्छेसारख्या फाउंड्रीच्या भागात असेल तर उघड्या नळ्यांवर धूळ बसते. रोज एक नळी आम्ल-पाणी भरून, टोपण काढून टेबलावर ठेवा आणि शेवटी तीही वाचा. ती चढली तर त्या दिवसाचं सगळं काम परत.

---

हलगा_जनुक

जिवंत जिवाणूंच्या सेन्सरबद्दल विचारलंय म्हणून. शिशासाठी नको.

ई. कोलायमधला झेडएनटी-ए प्रवर्तक (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) शिशाला पेटतो, पण जस्त आणि कॅडमियमलाही पेटतो. म्हणजे हातपंपाची तीच अडचण पुन्हा. क्युप्रियाव्हिडस मेटॅलिड्युरान्स या जिवाणूचं शिसं ओळखणारं प्रथिन पीबीआर-आर जास्त निवडक आहे, तरी पेशीच्या आत शिसं शिरायला हवं, उत्तराला एक-दोन तास लागतात, आणि आंबट नमुना पेशी मारतो. टाकीच्या पाण्यातलं ०.२ मिलिग्रॅम क्लोरीनही पेशींना पुरेसं त्रासदायक. क्लोरीन मारायला थायोसल्फेट घालावं तर ते पाऱ्याला धरून ठेवतं, म्हणजे पुढं पारा बघायचा झाला तर तो रस्ता बंद.

जिवंत पेशींनी खरं नाव कमावलं ते आर्सेनिकमध्ये. आर्सेनिक ओळखणाऱ्या आर्स-आर प्रथिनावर चालणाऱ्या पेशी व्हिएतनाममध्ये भूजलाच्या जवळजवळ दोनशे नमुन्यांवर वापरून झाल्या आहेत. तिथं लोहाचा गाळ टाळायला आम्लानंतर पायरोफॉस्फेट घालून पाणी उदासीन करतात. आर्सेनिकला ते चालतं. तुम्ही शिशाला ती युक्ती लावू नका, पायरोफॉस्फेट शिशाला घट्ट पकडतं.

आणि कायद्याची बाजू. जनुक बदललेले जिवाणू १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांत येतात. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला कळवल्याशिवाय ते लॅबमध्येही हाताळता येत नाहीत, गावच्या पाण्यापाशी नेणं तर दूरच. पेशी नसलेली, वाळवलेली प्रथिनं-डीएनए असलेली किट हा त्यातला पुढचा रस्ता आहे. पण तुमच्या हातात डीएनएझाइम आहे, ते आधी नीट बसवा.

---

खानापूर_रसायन

सगळ्यांचे मनापासून आभार. हातपंपाचं पाणी जस्तासाठी तपासलं: १.१ मिलिग्रॅम. हिशेब साधारण बसला. जीआर-५ आणि मेलेला धागा मागवतो. टाकीच्या पाण्याला मार्कंडेय सरांची आम्लाची रीत लावली. १० घातलेले ३ होते ते ८ वर आले, तेही जुन्याच एन्झाइमवर.

दोन प्रश्न उरले. आमच्याकडचा दगड जांभा. काही बोअरच्या पाण्यात लोह २ मिलिग्रॅमपर्यंत आहे. आम्लात पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण खाचेत बफर मिसळल्यावर चार-पाच मिनिटांत फिकट तपकिरी धूसरपणा येतो आणि उतार मध्येच वाकतो. गाळून घेऊ का? दुसरं, पंचायतीला निकाल कोणत्या शब्दांत द्यावा?

---

मार्कंडेय_काठ

गाळू नका. तो धूसरपणा लोहाच्या हायड्रॉक्साइडचा आहे आणि शिसं त्यालाच चिकटलेलं आहे. गाळलंत तर मोजायची वस्तूच फिल्टरवर राहील. सायट्रेट घालून लोह विरघळवत ठेवायचा मोहही टाळा, ते शिशालाही धरतं.

जीआर-५ आलं की पहिल्या दोन मिनिटांचाच उतार घ्या, दर पाच सेकंदांनी वाचन. लोह बसायच्या आत मोजमाप आटोपतं. वाकण्याआधीच्या भागात भरीची रेघ सरळ आली आणि घातलेल्या शिशापैकी ८० ते १२० टक्के परत मिळालं, तर नमुना ग्राह्य. नाही मिळालं तर त्या पाण्यासाठी डीएनएझाइम सोडा.

अशा लोहाच्या पाण्याला विद्युतरसायन बरं, म्हणजे शिसं इलेक्ट्रोडवर साठवायचं आणि ते परत विरघळताना येणारा प्रवाह मोजायचा. तो बायोसेन्सर नव्हे, पण पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडचं व्होल्टेज धरून प्रवाह मोजणारं यंत्र) असेल तर जोडीला ठेवाच. आंबट नमुना ५ मिलिलिटर, त्यात ०.२ मोलर असिटेट बफर (पीएच ४.८) ५ मिलिलिटर, मिसळल्यावर पीएच ४.६ च्या आसपास. बिस्मथ शेवटी ४०० मायक्रोग्रॅम प्रति लिटर होईल एवढं घाला. छापील कार्बन इलेक्ट्रोडवर, चांदी-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत उणे १.० व्होल्टवर ढवळत १२० सेकंद, ढवळणं थांबवून १० सेकंद, मग स्क्वेअर वेव्ह. कॅडमियमचं शिखर उणे ०.८ च्या आसपास, शिशाचं उणे ०.५५ च्या आसपास. प्रत्येक वाचनानंतर अधिक ०.३ व्होल्टवर ३० सेकंद धरून बिस्मथ पुसून टाका, नाहीतर आधीच्या नमुन्याचं शिसं पुढच्यात दिसतं. इथं पीएच साडेचार असल्यानं कार्बोनेटचा प्रश्नच येत नाही. अडथळा तांब्याचा. तांबं जास्त असलं की शिशाचं शिखर बसकं होतं. म्हणून भरीची रेघ इथंही काढायचीच.

---

निपाणी_जैवरसायन

पंचायतीच्या कागदाबद्दल. नुसता आकडा देऊ नका, कृती द्या. माझ्या मते तीन खाने पुरे.

५ च्या खाली: चाळणीत शिसं आढळलं नाही, पुढची तपासणी पावसाळ्यानंतर. ५ ते १५: नक्की सांगता येत नाही, आम्ल घातलेली दुसरी बाटली मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडं. मर्यादा १० ची असताना हा पट्टा रुंद वाटेल, पण तुमच्या सेन्सरची तीन वाचनं एकमेकांपासून किती हलतात ते बघितलंत तर पटेल. १५ च्या वर: त्याच दिवशी पीडीओंना (ग्रामपंचायतीचे विकास अधिकारी) कळवायचं, निकाल पक्का होईपर्यंत त्या नळाचं पाणी पिण्या-शिजवायला वापरू नये, धुण्याला चालेल.

दोन वाक्यं मराठीत आणि कन्नडमध्ये ठळक छापा. एक, पाणी उकळून शिसं जात नाही. पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं. लोकांना उकळण्याची सवय आहे आणि ती जंतूंसाठी चांगलीच आहे, म्हणून हे वेगळं सांगावं लागतं. दोन, दोष नळाचा निघाला तर सकाळी तीन मिनिटं पाणी वाहू देऊन मग भरा. ते वाहिलेलं पाणी बादलीत धरून झाडांना घाला.

कागदावर पहिलं पाणी की वाहिलेलं पाणी, हे नमुन्याच्या नावातच लिहा. नाहीतर पुढच्या वर्षी दुसरं कुणी वाहिलेलं पाणी तपासून आधीचा निकाल खोटा ठरवेल.

---

रायबाग_बोअर

आणि प्रत्येक गावच्या दोन बाटल्या आम्ल घालून कपाटात ठेवून द्या. आम्लातलं शिसं सहा महिने टिकतं. जीआर-५ आल्यावर तेच जुने नमुने परत वाचा, पुन्हा गावोगाव फिरायला नको. झाकणाला पॅराफिल्म, बाहेर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. शाई आम्लाच्या वाफेनं उडते.

---

खानापूर_रसायन

चौदा गावांच्या बाटल्या तशाच ठेवल्यात, पेन्सिलीच्या चिठ्ठ्यांसह. धागे आल्यावर हातपंपाचं पाणी, टाकीचं पाणी आणि ०.४४-०.२५-०.५९ चं बनावट पाणी असे तिन्ही उतार इथंच टाकतो.